नगरसभेतले जोतीराव

मागे एकदा धारवाडहून हुबळीस जात असता वाटेत अमरगोळ येथे आमची मोटार थोडा वेळ थांबली. शंकरलिंगाच्या प्राचीन देवळामुळे जाणत्यांना ठाऊक असलेले हे गाव आता हुबळी-धारवाड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे व हुबळीचे मोठे मार्केट यार्डही तेथेच आहे. चहाच्या दुकानात दोन भाजीवाले बोलत बसले होते. गाळ्याची जागा कोणाच्या पदरी पडणार, परवान्याची फी किती वाढणार आणि नगरसभेत आपल्यासाठी तोंड कोण उघडणार, एवढाच त्यांचा विषय. माझे कानडी बेताचेच. तरी त्यांची काळजी मला कळली आणि एकाएकी जोतीराव फुल्यांची आठवण झाली.

जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला, हे आपण जाणतो. परंतु १८७६ पासून सुमारे सहा वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक त्यांचा करारी स्वभाव तेथे जितका दिसतो तितका क्वचितच इतरत्र दिसत असेल.

जमीन आणि बाजार या दोन्ही गोष्टी त्यांच्या जन्मापूर्वीच घरात शिरल्या होत्या. कटगुणच्या गोऱ्ह्यांचे हे घराणे पुण्यात पेशव्यांना फुले पुरवी व त्यावरून फुले म्हणवले गेले. पेशव्यांनी त्यांना सुमारे ३५ एकर जमीन इनाम दिली होती. ती थोरल्या भावाने आपल्या ताब्यात घेतली व धाकट्यांच्या वाट्यास कष्ट तेवढे उरले. त्या धाकट्यांपैकी गोविंदराव हे जोतीरावांचे वडील. १८२७ साली जन्मलेल्या या मुलास हक्काची जमीन हातची कशी जाते, ते शिकवण्यास शाळेची गरज नव्हती. पुढे त्यांनी मक्तेदारी केली, खडकवासल्याच्या धरणाच्या कामी सामान पुरवले आणि सरकारी पैसा कोठून निघून कोठे मुरतो तेही पाहिले.

असा मनुष्य नगरपालिकेत जाऊन बसला. त्या काळचे सभासद पुष्कळसे सरकारनियुक्त असत आणि साहेबांच्या मर्जीपुढे मान डोलावणे हीच रीत होती. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे ठरले, तेव्हा शहर शृंगारण्यासाठी १००० रुपये मंजूर करावे असा प्रस्ताव आला. ३२ सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरुद्ध मत दिले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लागावा, असे त्यांचे म्हणणे.

परवान्यांचा प्रश्न त्याहून नाजूक होता. दारूच्या दुकानांना परवाने सरकार देई, त्यांचे उत्पन्न सरकारी तिजोरीत जाई आणि उद्ध्वस्त घरे मात्र शहराच्या वाट्यास येत. १८८० च्या जुलैत जोतीरावांनी कार्यकारी समितीच्या प्रमुखांस, प्लंकेट साहेबांस, पत्र लिहिले. नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करते आणि ही दुकाने त्या आरोग्यावर पाणी ओततात. तेव्हा त्यांच्यावर कर बसवावा, असा त्यातील आशय होता. म्हणजे फी किती घ्यावी एवढाच हिशेब त्यांनी मांडला नाही. ती फी ज्या धंद्यावर बसते त्याची झळ कोणास लागते, हेही विचारले.

त्याच सुमारास मोठी मंडई बांधण्याची चर्चा सुरू झाली. भाजीवाल्यांच्या घरातला हा सभासद मंडईच्या बाजूने बोलेल, असे कोणासही वाटले असते. जोतीराव विरोधात उभे राहिले. शिक्षण मागे पडलेले असताना एवढा पैसा इमारतीत घालू नये, हे त्यांचे धोरण येथेही कायम राहिले. ते मानले गेले नाही. मंडई १८८६ साली उघडली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले.

बडोदेकरांना अभिमान वाटावा अशी गोष्टही याच वर्षांतली. शेतकऱ्याच्या दैन्याची व त्याच्या जमिनीच्या नागवणुकीची कहाणी सांगणारा शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ जोतीरावांनी १८८३ साली पुरा केला. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी तो त्यांच्या तोंडून सविस्तर ऐकून घेतला व द्रव्यसाहाय्यही केले. महाराजांचे वय तेव्हा जेमतेम विशीचे. ज्या गादीने माझ्या वडिलांच्या गाण्यास आश्रय दिला, त्याच गादीवरच्या तरुण राजाने, कानास गोड न लागणारे हे शब्दही तितक्याच आदराने ऐकले, याचे मला अप्रूप वाटते.

१८८८ साली मुंबईच्या लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी अर्धांगवायूने उजवा हात गेला, तर त्यांनी डाव्या हाताने लिहिणे सुरू ठेवले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचा अंत झाला. पुढे आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या इमारतीस त्यांनी विरोध केला, तिच्यावर आज त्यांचेच नाव आहे.

अमरगोळच्या त्या दोघांना हे मी सांगू शकलो नाही. मोटार सुटायची वेळ झाली होती. जागा कोणास आणि फी किती, हे ठरवणाऱ्यांच्या बैठकीत बत्तिसांतला एक तरी त्यांच्यासाठी उभा राहो, एवढेच मनात म्हणून मी निघालो.