जकातीविना भिंत आणि अर्थतज्ज्ञ बाबासाहेब

रायगडच्या किनाऱ्यावर १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा शेवा बंदराचे नाव १७ मे २०२५ रोजी एका सरकारी आदेशात आले. बांगलादेशचे तयार कपडे सीमेवरील भूमार्गाने आणता येणार नाहीत, ते फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या बंदरांतूनच यावेत, असा तो आदेश. जकात एका पैशानेही वाढली नाही, फक्त वाट लांब झाली. बिगर-जकात अडथळा म्हणतात तो हाच. देशी कारखानदारांना त्याचा आडोसा मिळाला. पण अशा आडोशाचा लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि किंमत कोण मोजतो? हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शंभर वर्षांपूर्वीच विचारला होता. घटनाकार बाबासाहेब घराघरांत पोहोचले. अर्थतज्ज्ञ बाबासाहेब मात्र अजून आपल्यालाच पुरते ठाऊक नाहीत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम.ए.साठी त्यांनी प्राचीन भारताच्या व्यापारावर प्रबंध लिहिला. १९२३ साली लंडनच्या डी.एस्सी. पदवीसाठीचा रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

त्या काळी रुपयाचा दर उतरता ठेवावा, असा मुंबईच्या गिरणीमालकांचा आग्रह होता. रुपया उतरला की परदेशी माल महाग होतो आणि जकात न लावताच देशी मालाला संरक्षण मिळते. बाबासाहेबांनी मजुराच्या बाजूने हिशेब मांडला. रुपया उतरला की भाव चढतात, मजुरी मात्र मागेच राहते. म्हणजे मालकाचा जादा नफा परदेशातून येत नाही, तो आपल्याच मजुराच्या ताटातून जातो. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी चलनावर साक्ष दिली.

त्याच गिरण्यांच्या आत आणखी एक भिंत उभी होती. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. देशी उद्योग वाचवायचा, पण त्यात देशातल्याच माणसाला जागा नाही, हा कसला स्वदेशीपणा?

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ मध्ये कोकणातील खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले. १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना कामाचे तास कमी करण्यासाठी झटले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

देशी उद्योगाला संरक्षण जरूर द्यावे. पण त्या संरक्षणाने शिलाई यंत्रावर बसलेल्या बाईची मजुरी वाढते की केवळ मालकाचा नफा, हे सरकारने तपासले पाहिजे. स्वस्त कपडा घेणाऱ्या गरिबाच्या खिशाला किती झळ बसते, हेही मोजले पाहिजे. बाबासाहेबांनी दिलेले माप हेच आहे. ते न लावता घातलेली प्रत्येक बंदी मालकाच्या दारात थांबेल, मजुराच्या घरापर्यंत पोहोचणार नाही.