ना. म. जोशी आणि गिरणीच्या दारावरचे नियम

मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास सामान्यतः संप, सभा आणि अटकसत्रे यांच्या तारखांनी सांगितला जातो. त्या इतिहासात नारायण मल्हार जोशी यांची मूर्ती काहीशी फिकी वाटते. डिलाईल रोडला त्यांचे नाव मिळाले, आद्य कामगार पुढारी म्हणून पाठ्यपुस्तकात एखादी ओळही मिळाली. परंतु या मवाळ आणि शिस्तप्रिय गृहस्थाने कामगाराच्या पदरात नेमके काय टाकले, असे विचारले तर चटकन उत्तर येत नाही. नोकरीच्या अटी कागदावर आल्या पाहिजेत आणि तो कागद मालकाने एकट्याने लिहिता कामा नये, या एका गोष्टीसाठी जी दीर्घ आणि कंटाळवाणी खटपट झाली, तिच्यात जोशींचा वाटा मोठा आहे.

त्यांचा जन्म ५ जून १८७९ चा, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १९०१ मध्ये पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे शिक्षकी केली. १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि दोनच वर्षांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना झाली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने हे लीगचे काम. पुढच्या पिढीतील जहाल मंडळींनी अशा कामाची भूतदया म्हणून संभावना केली. परंतु ज्याला अक्षरओळख नाही, त्याच्यापुढे ठेवलेला नियम म्हणजे अंगठा उठवण्याचा आणखी एक कागद, एवढेच. रात्रशाळेतून कामगार चळवळीकडे जाणारी जोशींची वाट वाटते तितकी वळणाची नव्हती.

त्या काळी गिरणीत नोकरी मिळे ती जॉबरच्या मेहेरबानीने. सकाळी दरवाजापाशी बदलीवाले जमत. जॉबर ज्याच्याकडे बोट दाखवील त्याला त्या दिवशी काम. घेताना दस्तुरी, टिकवताना दस्तुरी. एकाच प्रकारच्या कामाला एका गिरणीत एक दर, तर शेजारच्या गिरणीत दुसरा. दंड किती आणि कशासाठी, हे दंड झाल्यावरच कळे. बिघडलेले कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करून घेण्याचीही प्रथा होती. सारांश, अटी होत्या, परंतु त्या जॉबरच्या तोंडात आणि मॅनेजरच्या मर्जीत होत्या. तोंडी अटीविरुद्ध दाद मागायची तर ती कोणापुढे आणि कशाच्या आधारावर?

वॉशिंग्टनला १९१९ मध्ये भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. पुढच्याच वर्षी आयटक स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघांच्या नोंदणीचा ठराव त्यांनी मांडला. त्याचे फळ १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याच्या रूपाने मिळाले. मात्र खरी कसोटी लागली ती १९२८ मध्ये.

यंत्रमागे माणसे कमी करण्याच्या आणि वेतनकपातीच्या प्रश्नावरून त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने घरी बसले. प्रारंभी जोशी सार्वत्रिक संपाच्या बाजूचे नव्हते. संप अटळ झाल्यावर त्यांची बॉम्बे टेक्स्टाईल लेबर युनियन संयुक्त संप समितीत सामील झाली आणि डांगे, निंबकर, मिरजकर यांच्यासारख्या कट्टर मतभेद असणाऱ्यांच्या शेजारी ते बसले. संप चालू असतानाच गिरणी मालक संघाने वेतनाचे प्रमाणीकरण आणि त्याबरोबर स्थायी आदेश पुढे केले. वेळेवर येणे, रजा, झडती, नोकरी सोडण्याची सूचना, बडतर्फी अशा बाबींचे हे नियम होते. गिरणी कामगाराची आचारसंहिता प्रथमच अशी जाहीर वादाचा विषय झाली, आणि ती मालकांच्या हातून आली होती!

लेखी नियम हे मुळात कामगाराला मिळालेले वरदान नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ते शिस्तीचे हत्यार होते. हा कागद फाडून टाकावा, असे संतप्त कामगाराला वाटले असते तर त्यात नवल नव्हते. परंतु ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली, संपकऱ्यांच्या १७ मागण्या आणि मालकांचे आदेश दोन्ही न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीपुढे गेले आणि तेथे त्यांचा खल झाला. लिहिलेल्या नियमात खोट काढता येते, न लिहिलेल्यात काढता येत नाही, हा त्यातला मुद्दा. अशा कामाचे पोवाडे होत नाहीत. फॉसेट समितीचा अहवाल मार्च १९२९ मध्ये आला, त्याच महिन्यात मीरत खटल्याची धरपकड झाली, पाठोपाठ दुसरा संप झाला आणि तडजोड धुळीला मिळाली. त्याच वर्षी नागपूरला आयटक दुभंगली आणि जोशी बाहेर पडले.

ते सरकारनियुक्त सभासद होते, ते पायरीपायरीने जाणारे होते, हा त्यांच्यावरील आक्षेप निराधार नाही. पायरीने चढणाऱ्याला वरच्या पायरीवरच्या माणसाकडे फार वेळ बघावे लागते. तथापि व्हिटली कमिशनचे सभासद म्हणून १९२९ ते १९३१ या काळात त्यांनी देशातील मजुरांची स्थिती तपासली आणि त्या कमिशनच्या शिफारशींतून १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. कोणत्या चुकीला दंड होईल याची सूचना आधी लावली पाहिजे, दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा अधिक नसावा, दंडाची रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च व्हावी, हे त्या कायद्याने ठरवले. दंड झाल्यावर नियम कळण्याचे दिवस निदान कायद्यापुरते संपले.

१९३८ मध्ये मुंबई प्रांताने औद्योगिक कलह कायदा केला. संपाच्या हक्कावर बंधने घालणारा म्हणून डॉ. आंबेडकरांनी त्याला कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला संप झाला. गंमत अशी की, मालकांनी स्थायी आदेश मंजूर करून घेतलेच पाहिजेत, ही सक्ती याच कायद्यात होती. पुढे आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य असताना, १९४६ मध्ये, औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायदा सर्व देशासाठी झाला. जोशी तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात होते. १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याने कायम, तात्पुरता, उमेदवार आणि बदली कामगार कोण, पाळ्या कशा, रजा कशी, गैरवर्तन कशाला म्हणायचे, तक्रार कोठे करायची, हे लिहून द्यावे. मसुदा कामगार संघाला दाखवावा. मंजूर आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत दरवाजाजवळच्या फलकावर लावावेत, असे त्यात आहे. १९११ मधील रात्रशाळेचा विद्यार्थी आता गिरणीच्या दाराशी उभा राहून आपली नोकरी स्वतः वाचू शकत होता.

या कायद्यातही एक मोठी फट होती. आदेश नमुन्याबरहुकूम आहेत की नाहीत, एवढेच अधिकाऱ्याने पाहायचे. ते न्याय्य आहेत का, हे पाहण्याचा त्याला अधिकार नव्हता. आदेशात बदल मागण्याची मुभाही कामगाराला नव्हती. जोशी ३० मे १९५५ रोजी मुंबईत वारले आणि या दोन्ही उणिवा १९५६ च्या दुरुस्तीने दूर झाल्या.

महाराष्ट्राने पुढे १०० ची मर्यादा ५० वर आणली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती ३०० केली. दुसऱ्या एका संहितेने नेमणूकपत्र देणे मात्र बंधनकारक केले. ना. म. जोशी मार्गाच्या आसपास जेथे गिरण्या होत्या, तेथे आज काचेच्या कचेऱ्या आहेत. तेथील कारकुनांना आणि अधिकाऱ्यांना रुजू होताच नियमांची जाडजूड पुस्तिका मिळते. त्याच इमारतींच्या दारावरचा पहारेकरी आणि आतला सफाई कामगार बहुधा कंत्राटदाराचा असतो; त्याच्या हाती काही कागद असलाच, तर त्यावर कंत्राटदाराचे नाव असते.