नाताळचे निळे रत्न

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्रदर्शन वर्ज्य, आणि चुकून घडलेच तर स्यमंतक मण्याचे आख्यान श्रवण करावे, हा परिपाठ वऱ्हाडातील अनेक घरांत आजही पाळला जातो. प्रसेन तो मणी गळ्यात घालून मृगयेस गेला आणि परतला नाही. सत्राजिताने कुजबुज सुरू केली की, मण्याच्या लोभाने कृष्णानेच त्याला मारविले. या अपवादाचे परिमार्जन भगवंतांनी सुदर्शन सोडून केले नाही. त्यांनी चार नागरिक साक्षीला घेतले, अरण्य गाठले, प्रसेनाचे आणि त्याच्या घोड्याचे कलेवर पाहिले, सिंहाचा माग काढला, पुढे मेलेल्या सिंहापासून अस्वलाच्या पावलांनी जांबवंताची गुहा शोधली. कीर्तनात हे आख्यान लावले की आम्ही नेहमी म्हणतो, श्रोतेहो, भागवतातील ही रहस्यकथाच आहे. आमची भातकुली म्हणजे रुक्मीने वसविलेले भोजकट, अशी परंपरा आहे. म्हणजे कृष्णाशी उभा दावा मांडणाऱ्याचे हे गाव. परंतु कृष्णावरील आळ दूर झाला हे ऐकून संतोषाने मान डोलावणारे श्रोते आम्हांस येथे जितके लाभले तितके अन्यत्र क्वचितच लाभले असतील.

सणाच्या दिवसांत हरवलेल्या रत्नाची गोष्ट सांगावी आणि तिच्या योगाने निरपराध्यावरील आळ पुसला जावा, ही आवड केवळ आपलीच नव्हे. इंग्लंडात नाताळ येतो तो कडाक्याच्या थंडीत. दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, घरची मंडळी शेकोटीभोवती जमतात, आणि मग भुताखेतांच्या व चोरीच्या रहस्यकथांना रंग चढतो. या हौसेपायी तेथील प्रकाशक एकोणिसाव्या शतकात नाताळचे जाडजूड विशेष अंक काढू लागले. आपल्याकडे काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली मनोरंजन मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांच्यापुढे हाच दाखला होता. दिवाळीच्या फराळासोबत रहस्यकथा वाचण्याची आपली सवय या वाटेने आली. ज्या पुरुषाचे चरित्र आज सांगावयाचे, त्याचे भाग्य अशाच एका नाताळ अंकातून उदयास आले. त्याचे नाव आर्थर कॉनन डॉयल.

डॉयल यांचा जन्म स्कॉटलंडमधील एडिंबरो नगरात २२ मे १८५९ रोजी झाला. घराणे मूळचे आयर्लंडमधील, कॅथलिक पंथाचे. वडील चार्ल्स हे सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस होते. हात चित्रकाराचा, पण मद्याने त्यांचा सर्वस्वी घात केला आणि अखेरची वर्षे त्यांना मनोरुग्णालयात कंठावी लागली. माता मेरी यांनी ओढगस्तीत संसार रेटला. मुलांना जवळ घेऊन शूरवीरांच्या कथा रंगवून सांगण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. कथा सांगण्याची कला डॉयल यांना मिळाली ती मातेकडून.

एडिंबरोच्या वैद्यक विद्यालयात डॉ. जोसेफ बेल हे त्यांचे गुरू होते. रोगी खोलीत येताच त्याची चाल, हातांवरील घट्टे, बुटांवरील चिखल एवढे पाहून बेल त्याचा व्यवसाय आणि तो कोठून आला हे सांगत. शिष्य थक्क होत. मग एकेक खूण उलगडून दाखविली की वाटे, हे तर आपल्याही डोळ्यांपुढेच होते! न्यायशास्त्रात पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान शिकविले जाते, त्याचेच हे शुश्रूषागृहातील प्रात्यक्षिक. डॉयल यांच्या शेरलॉक होम्सचा पिंड या गुरूवरून घडला.

शिक्षण चालू असता १८८० मध्ये ते देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून उत्तर ध्रुवाकडील समुद्रात जाऊन आले. १८८२ मध्ये पोर्ट्समथजवळ साउथसी येथे त्यांनी दवाखाना थाटला. रोगी थोडे, वेळ पुष्कळ. त्या मोकळ्या वेळात १८८६ साली त्यांनी होम्सची पहिली कादंबरी लिहिली. ती एकामागून एक प्रकाशकांकडून साभार परत आली. शेवटी वॉर्ड लॉक या प्रकाशनसंस्थेने ती घेतली, पण अट अशी की अवघ्या २५ पौंडांत सर्व हक्क कायमचे द्यावयाचे आणि छपाईसाठी पुढील वर्षापर्यंत थांबावयाचे. अशा रीतीने १८८७ च्या बीटनच्या नाताळ अंकात, एक शिलिंग किमतीत, शेरलॉक होम्स प्रथम लोकांसमोर आला. ज्याच्या नावाने पुढे पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या, त्याच्या जन्मदात्याच्या पदरी त्या पहिल्या पुस्तकाचे २५ पौंडच पडले.

१८९१ मध्ये ते लंडनला आले आणि नेत्रवैद्य म्हणून त्यांनी पाटी लावली. तेथे रोगी मुळीच फिरकले नाहीत. नेत्रविद्येचा हा अभ्यास त्या वेळी निष्फळ वाटला. त्याचे फळ पुढे सोळा वर्षांनी कसे आले हे आपण पाहणारच आहोत. त्याच उन्हाळ्यात स्ट्रँड मासिकातून होम्सच्या लघुकथा सुरू झाल्या आणि डॉयल यांनी वैद्यकी सोडली.

जानेवारी १८९२ च्या स्ट्रँडमध्ये निळ्या रत्नाची कथा आली. नाताळच्या रहस्यकथांत इतकी प्रसन्न गोष्ट दुसरी आम्हांस ठाऊक नाही. नाताळच्या मेजवानीत त्या काळी गूज नावाचा हंसजातीचा पक्षी रांधीत. शाकाहारी वाचकांनी क्षणभर तिकडे काणाडोळा करावा. एका गरीब विद्वान गृहस्थाचा असा पक्षी आणि जुनी टोपी रस्त्यातील धक्काबुक्कीत हरवते. तो पक्षी चिरताच त्याच्या गळ्यातील अन्नाच्या पिशवीतून एक निळे रत्न निघते. हे रत्न एका सरदार घराण्यातील बाईचे, एका हॉटेलातून चोरीस गेलेले. आणि चोरीच्या आरोपावरून पोलिसांनी जॉन हॉर्नर नावाच्या नळकाम करणाऱ्या कारागिराला आधीच गजाआड केलेले. का? तर पूर्वी एकदा त्याला शिक्षा झाली होती म्हणून. होम्स आधी त्या टोपीवरून तिच्या मालकाची सारी हकीगत सांगतो. मग शोध एका खाणावळीत जातो. तेथे लोक आठवड्याला थोडे थोडे पैसे जमा करून नाताळला एकेक पक्षी घेत असत. आपल्याकडील भिशीच म्हणा ना. तेथून बाजारातील एका तापट दुकानदाराकडे. तो सरळ काही सांगेना, तेव्हा होम्स त्याच्याशी मुद्दाम पैज लावतो आणि हरल्याचे सोंग करून हवी ती माहिती काढून घेतो. अखेर खरा चोर सापडतो. तो त्याच हॉटेलातील एक नोकर निघतो. पकडले जाऊ या भीतीने त्याने रत्न पक्ष्याच्या घशात कोंबलेले असते, पण पुढे नेमका पक्षीच बदलला जातो! गूजला तशी अन्नपिशवी नसतेच, असा आक्षेप जाणकारांनी पुढे घेतला. पण ज्या कथेत अस्वल एका मण्यासाठी अठ्ठावीस दिवस द्वंद्वयुद्ध करते, तिच्यावर वाढलेल्या आम्हांस हा आक्षेप फारसा जाचत नाही.

शेवट पाहण्यासारखा आहे. रडत पाया पडणाऱ्या चोराला होम्स दार उघडून जाऊ देतो. सण क्षमेचा आहे, हा भ्यालेला मनुष्य पुन्हा पाप करणार नाही, आणि त्याची साक्ष नसल्यामुळे हॉर्नरवरील खटलाही कोसळेल, असा त्याचा हिशेब. कायदेपंडित यावर नाक मुरडतील. आमचे म्हणणे एवढेच की, डॉयल यांची दृष्टी चोराला फासावर चढविण्यापेक्षा निरपराध्याला घरी पोहोचविण्याकडे अधिक होती. प्रत्यक्ष जीवनातही ती तशीच राहिली.

होम्सचा मात्र त्यांना लवकरच कंटाळा आला. ऐतिहासिक कादंबऱ्या हे आपले खरे कार्य, अशी त्यांची समजूत होती. १८९३ च्या डिसेंबर अंकात, ऐन नाताळच्या तोंडावर, त्यांनी होम्सला कड्यावरून खाली लोटले. वाचक संतापले आणि कित्येकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. लोकाग्रहास्तव पुढे दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, त्याला पुन्हा जिवंत करावे लागले. १९०२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. परंतु घरात त्यांची पत्नी लुइसा क्षयाने अंथरुणास खिळली होती. जुलै १९०६ मध्ये त्या निवर्तल्या, आणि डॉयल काही महिने कोणत्याही कामात लक्ष घालीनासे झाले.

त्या अवस्थेत त्यांच्याकडे एक पत्र आले, ते जॉर्ज एडलजी या तरुण वकिलाचे. जॉर्जचे वडील शापूरजी एडलजी हे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती होऊन ते विलायतेस गेले आणि ग्रेट वायर्ली या खेड्यातील चर्चचे धर्मोपदेशक झाले. आई इंग्रज. गोऱ्या गावात सावळ्या वर्णाचा धर्मगुरू अनेकांना खुपत होता. १८९२ पासून काही वर्षे त्या घरावर निनावी, शिवराळ पत्रांचा वर्षाव झाला, आणि तेथील मुख्य पोलीस अधिकाऱ्याने संशय धरला तो जॉर्जवरच. १९०३ मध्ये त्या परिसरात रात्रीच्या वेळी गुराघोड्यांची पोटे फाडण्याचे अघोरी प्रकार सुरू झाले. ऑगस्टमध्ये खाणीतील एक तट्टू असे जखमी झाले आणि पोलिसांनी जॉर्जला पकडले. मुलगा त्या रात्री माझ्याच खोलीत निजला होता, दाराला कुलूप होते, अशी साक्ष खुद्द धर्मोपदेशक पित्याने दिली. ती मानली गेली नाही. जॉर्ज कोठडीत असताना आणखी एक घोडा तसाच फाडला गेला; तेही मानले गेले नाही. सात वर्षांची सक्तमजुरी झाली. सुमारे दहा हजार लोकांनी सह्यांचा अर्ज केला. तीन वर्षांनी, १९०६ च्या ऑक्टोबरात, काहीही कारण न देता त्याला सोडण्यात आले. सुटका झाली, पण कलंक गेला नाही, आणि कलंक असता वकिली करता येईना.

जानेवारी १९०७ मध्ये लंडनच्या एका हॉटेलात डॉयल त्याला भेटावयास गेले. त्यांना पोहोचण्यास किंचित उशीर झाला होता, आणि जॉर्ज वर्तमानपत्र वाचीत बसला होता. तो ते डोळ्यांच्या अगदी जवळ, तेही थोडे तिरपे धरून वाचीत होता. नेत्रवैद्याला दुसरा पुरावा नको होता. ज्याला हातभर अंतरावरचे धड दिसत नाही, तो पावसाळी काळोख्या रात्री शेते, कुंपणे, रेल्वेचे रूळ ओलांडून, पहाऱ्यावरील पोलिसांना चुकवून तट्टू फाडून परत कसा येणार? लंडनमध्ये एकही रोगी न मिळवून देणारी विद्या अशी कामी आली. डॉयल यांनी गावात जाऊन वाटा पाहिल्या, हस्ताक्षरे तपासविली आणि डेली टेलिग्राफ या दैनिकात सारा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी एक पैसाही घेतला नाही. उलट त्यांनाच धमकीची निनावी पत्रे येऊ लागली.

सरकारने समिती नेमली. १९०७ च्या मे महिन्यात तिने जॉर्जला पशुहत्येच्या आरोपातून मुक्त केले. मात्र काही पत्रे त्यानेच लिहिली असावीत आणि म्हणून संकट त्याने स्वतःच ओढवून घेतले, असे ठरवून नुकसानभरपाई नाकारली. आळ काढावयाचा, पण त्याचे गालबोट ठेवून द्यावयाचे, हा राजदरबारी न्याय डॉयल यांना अखेरपर्यंत सलत राहिला. जॉर्जला वकिलीची सनद मात्र परत मिळाली, आणि फौजदारी अपिलाचे न्यायालय इंग्लंडात त्याच वर्षी कायद्याने स्थापन झाले, त्यामागे या प्रकरणाचाही हात होता. सप्टेंबरात डॉयल यांनी जीन लेकी यांच्याशी विवाह केला, तेव्हा निमंत्रितांत जॉर्ज एडलजी उपस्थित होता.

पुढे ऑस्कर स्लेटर या ज्यू गृहस्थासाठीही ते असेच झगडले. एका वृद्धेच्या खुनाबद्दल १९०९ मध्ये त्याला दोषी ठरविले होते; तो १९२७ साली सुटला आणि दुसऱ्या वर्षी त्याची शिक्षा रद्द झाली.

महायुद्धाने डॉयल यांच्या घरावर घाला घातला. रणांगणावर जखमी झालेला पुत्र किंग्सली १९१८ च्या साथीत गेला, काही महिन्यांत धाकटा भाऊही गेला. परलोकविद्येकडे त्यांचे मन आधीपासून ओढले जात होते. आता तिच्या प्रचारासाठी त्यांनी धन आणि देह झिजविला. १९२० च्या डिसेंबरात त्याच स्ट्रँडच्या नाताळ अंकात त्यांनी कॉटिंग्ली येथील दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे खरी म्हणून लोकांपुढे मांडली. टोपीवरून माणूस ओळखणाऱ्या होम्सचा जनक दोन पोरींच्या खोडीला फसला, म्हणून लोक हसले, आजही हसतात. आम्हांस हसू येत नाही. ज्याने पुत्र पुरला आहे, त्याने अदृश्याचे दार ठोठावून पाहिले तर त्याला कोणत्या तोंडाने हसावे?

७ जुलै १९३० रोजी डॉयल यांनी देह ठेवला. त्या पऱ्या पुस्तकातील चित्रांवरून कागदावर काढून, कापून, टाचणीने उभ्या केल्या होत्या, हे त्या मुलींनी वृद्धापकाळी १९८३ साली सांगितले. डॉयल यांना जाऊन तेव्हा ५३ वर्षे झाली होती.