डॉ. कमलाताई सोहोनी



मैदानावर धावताना, पाढे म्हणताना, अगदी गाढ झोपेतसुद्धा आपल्या शरीरातील पेशी काम करीत असतात. त्यासाठी लागणारी शक्ती त्यांना एटीपी नावाच्या रेणूकडून मिळते. भाकरीतील ऊर्जा पेशीला थेट वापरता येत नाही. ती एटीपीच्या रूपात आणावी लागते. १९२९ साली हा रेणू शोधणाऱ्यांत अमेरिकेत संशोधन करणारे आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. तो तयार करणाऱ्या यंत्रणेतील एका महत्त्वाच्या घटकाचा शोध वनस्पतींत घेतला एका मराठी महिलेने. त्या म्हणजे डॉ. कमलाताई सोहोनी.

कमलाताईंचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. त्या माहेरच्या भागवत. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील व काका दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. आपणही तेथेच शिकावे, ही कमलाताईंची इच्छा होती. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळताच त्यांनी तेथे अर्ज केला.

संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाताई थेट बंगळूरला गेल्या, कारण विचारले आणि हटून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. काम पसंत पडले तरच पुढे शिकता येणार होते. हा अपमान त्यांच्या मनाला फार लागला. पण त्यांनी काम सोडले नाही. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षाअखेरीस रामन यांची खात्री पटली आणि इतर मुलींनाही संस्थेचे दार उघडले.

१९३६ साली एम.एस्सी. झाल्यावर त्या इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे प्रथिन आढळले. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन हे प्रथिन पुढच्या टप्प्यावर पोचवते आणि या देवाणघेवाणीतूनच बहुतेक एटीपी तयार होते. म्हणजे श्वसनाची ही रीत माणसात आणि बटाट्यात सारखीच! १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांत त्यांचे नाव घेतले जाते.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी काम केले. गरिबांना परवडेल अशा नीरेचे पोषणमूल्य त्यांनी तपासले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. अन्नातील भेसळीविरुद्धच्या ग्राहक चळवळीतही त्या पुढे होत्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

मुलींनो, आज बंगळूरच्या त्या संस्थेत मुली प्रवेश परीक्षा देऊन सहज जातात. ते दार पहिल्यांदा कोणी ठोठावले, हे विसरू नका.