एसक्यूएल शिकताय? मग टेड कॉड माहिती पाहिजेत

डेटाबेसच्या क्लासला पहिल्याच आठवड्यात टेबल, प्रायमरी की हे शब्द कानावर पडतात. त्यामागचं डोकं एडगर उर्फ टेड कॉड यांचं.

जन्म 1923 चा, इंग्लंडमधल्या पोर्टलँडचा. ऑक्सफर्डला गणित शिकले, महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक झाले, 1948 ला न्यूयॉर्क गाठून आयबीएममध्ये लागले. मध्ये मॅकार्थींच्या राजकारणाला वैतागून काही वर्षं कॅनडातही राहिले.

त्या काळी मोठ्या डेटाबेसमध्ये माहिती झाडासारखी असायची, फांदीखाली फांदी. नोंद शोधायची तर प्रोग्रामरला वाट पाठ हवी. रचना बदलली की प्रोग्राम बोंबलले! 1970 च्या शोधनिबंधात कॉड यांनी यावर साधा उपाय मांडला. सगळं टेबलांत ठेवा. ग्राहकांचं टेबल वेगळं, ऑर्डरचं वेगळं, दोन्हींत ग्राहक क्रमांक सामाईक. काय हवंय ते तुम्ही सांगा, कसं शोधायचं ते मशीन बघेल.

पण आयबीएमचं जुन्या पद्धतीचं आयएमएस चांगलं चालत होतं. चालत्या धंद्यावर कोण पाय देणार? कंपनीने चालढकल केली. प्रयोग म्हणून सिस्टिम आर बनवलं, त्यातूनच एसक्यूएल आली. (ती मात्र कॉड यांची नाही, चेंबरलिन आणि बॉइस यांची.) हे निबंध छापून सगळ्यांसाठी खुले होते. ते वाचून लॅरी एलिसन आणि मंडळींनी 1979 ला ओरॅकल बाजारात आणलंसुद्धा. आयबीएमला 1981 उजाडलं. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पुढे कुणीही उठून आपल्या डेटाबेसला रिलेशनल म्हणू लागलं, तेव्हा 1985 मध्ये कॉड यांनी 12 नियम घालून दिले. मोजणी शून्यापासून, म्हणजे खरे 13. 2003 मध्ये फ्लोरिडात त्यांचं निधन झालं.