मुळा-मुठेचे मासे नोंदवणारा कर्नल

पुण्याच्या नद्यांमधील माशांची पहिली शास्त्रीय यादी केली ती एका लष्करी अधिकाऱ्याने. विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म १७९० सालचा. लहान वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाले. खडकीच्या १८१७ मधील लढाईत ते पेशव्यांविरुद्ध लढले. पुढे याच मुलखाची खडानखडा माहिती गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये त्यांना सांख्यिकी अधिकारी नेमले.

पुणे, नगर, खानदेश, धारवाड असे दौरे करत साइक्स यांनी लोकसंख्या, शेती, हवामान आणि पक्षी यांच्या नोंदी केल्या. नद्यांवर ते मासेही पाहत. ताज्या पकडलेल्या माशांची मोजमापे घेऊन चित्रे काढली जात. मायदेशी परतल्यावर १८३९ मध्ये त्यांनी दख्खनच्या माशांवरील निबंध प्रसिद्ध केला. त्यात ४०हून अधिक जातींचे वर्णन होते. अनेकांना त्यांनी इथलीच नावे लॅटिन वळणाने दिली: कोलस, नुक्ता, खुद्री. खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. त्याचा नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतच मिळाला होता.

मासा कोणत्या पाण्यात मिळाला ही नोंद आज वेगळ्याच कारणाने मोलाची वाटते. माशाचा स्वभावही पाण्यावर ठरतो, हे आता कळले आहे. अनोळखी वस्तू किंवा वास समोर आला की काही मासे बिचकतात, काही जवळ जातात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्याकडे सोडले जाणारे गप्पी मासे मूळचे दक्षिण अमेरिका व त्रिनिदादकडचे. त्रिनिदादच्या ओढ्यांत संशोधकांना दिसले, की जिथे शिकारी मासे जास्त तिथले गप्पी पूर्वी कधीच न आलेल्या वासालाही घाबरतात. कमी धोक्याच्या ओढ्यातल्या गप्पींना त्याचे फारसे काही वाटत नाही. भीतीची किंमतही असते. सतत लपणारा मासा उपाशी राहतो, तर न बिचकणारा दुसऱ्याच्या तोंडी जातो.

खुद्रीच्या बाबतीत हा प्रश्न प्रत्यक्षातला आहे. धरणे, सांडपाणी आणि तिलापियासारखे बाहेरचे मासे यांमुळे नद्यांचे रूप पालटले. लोणावळ्याजवळ टाटा कंपनीच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पिल्ले वाढवून जलाशयांत सोडली जातात. हौदातल्या पिलाला अन्न आयते मिळते, शिकारी ठाऊक नसतो. म्हणून सोडण्याआधी अशा पिलांना शिकाऱ्याच्या वासाची ओळख करून देण्याचे प्रयोग जगात अनेक ठिकाणी होत आहेत. जखमी माशाच्या कातडीतून पाण्यात पसरणारे द्रव्य ही त्यातली मुख्य खूण. ज्या कार्प कुळात हे द्रव्य सर्वप्रथम ओळखले गेले, त्याच कुळातली ही खुद्री.

साइक्स यांनी १८३१ मध्ये भारत सोडला. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत ते होते. कंपनीचे संचालक आणि १८५७ पासून अॅबरडीनचे खासदार म्हणून त्यांनी काम केले. १८७२ मध्ये त्यांचे निधन झाले. मुळा-मुठेत कधीकाळी कोणते मासे होते, हे सांगायला त्यांची यादी आजही लागते. सोडलेले पिल्लू नदीत टिकेल का, हे मात्र त्याला नदी किती आणि कशी ओळखू दिली, यावर ठरेल.