स्वामी रामानंद तीर्थ आणि नाकेबंदीचे वर्ष

पैनगंगा ओलांडली की मोगलाई सुरू होते, असे वऱ्हाडातील जुनी माणसे सांगत. नदीच्या उत्तर तीरावर यवतमाळ जिल्हा, दक्षिण तीरावर आदिलाबाद. पूर्वेकडे वर्धा नदीच्या अलीकडे राजुरा आणि पलीकडे चांदा. किनवट व राजुरा हे मराठी तालुके त्या काळी आदिलाबाद जिल्ह्यातच होते आणि माहूरची रेणुका निझामाच्या हद्दीत नांदत होती. १८५३ च्या तहाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, तेव्हापासून पैनगंगेची ही रेषा ठळक झाली. परकीय सत्तेने आर्थिक निकड लावून आखलेली रेषा होती ती! दोन्ही तीरांवर भाषा एक, सोयरीक एक, देवदर्शन एक. परंतु नाणे निराळे, करोडगिरी निराळी आणि सरकारी कागदावरचा महिनाही निराळा. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार. हालीचे सात रुपये मोजावे तेव्हा कलदाराचे सहा मिळत. पटवारी आपल्या दप्तरात आजूर, दै, बहमन असे इराणी महिने लिहीत, आणि घरी परतल्यावर सणवार चैत्र-वैशाखाने पाळीत.

या रेषेची १९४८ साली भिंत झाली. स्वामी रामानंद तीर्थ यांचे चरित्र बहुधा सत्याग्रह आणि तुरुंगवास यांच्या अंगाने सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि त्यांच्या नेतृत्वाची खरी कसोटी या नाकेबंदीच्या वर्षाने पाहिली. राजा आणि त्याचे विरोधक यांच्या झगड्यात प्रजेचे मीठ अडते तेव्हा प्रजेच्या नेत्याने काय करावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म सिंदगी येथे, ३ ऑक्टोबर १९०३ रोजी. सोलापुरात शिकत असताना १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांचे निधन झाले आणि या सोळा वर्षांच्या मुलाने आजन्म ब्रह्मचर्याचा व देशसेवेचा संकल्प केला. असहकाराच्या लाटेत सरकारी शाळा सुटली. पुढचे शिक्षण अमळनेरच्या व पुण्याच्या राष्ट्रीय संस्थांत झाले. ना. म. जोशी यांच्या सहवासात कामगार चळवळीचा अनुभव मिळाला. पक्षाघाताने काही काळ शरीर जखडले. हा अनुभव आणि ही व्याधी दोन्ही त्यांना आयुष्यभर पुरली. १९२९ साली ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. तेथील वास्तव्यातच त्यांनी संन्यास घेतला. १९३५ पासून मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. तेथील योगेश्वरी विद्यालयाचा हा भगव्या वस्त्रातील मुख्याध्यापक मुलांना गणित-इंग्रजीबरोबरच मान वर करून चालायला शिकवीत होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

संस्थानात सभा भरवायची तरी परवानगी लागे. म्हणूनच १९३७ साली परतूर येथे भरलेल्या महाराष्ट्र परिषदेला आपले राजकारण सौम्य शब्दांत मांडावे लागले. पुढल्या वर्षी स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. स्वामीजींनी शाळा सोडली, सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला; नंतर वैयक्तिक सत्याग्रहातही पुन्हा तुरुंग पाहिला. बंदी उठली ती १९४६ मध्ये. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांनी बी. रामकृष्णराव यांचा अल्प मतांनी पराभव केला. मवाळ आणि जहाल यांच्यातील ही दरी पुढेही कधी पुरती बुजली नाही. ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस भारतात सामील व्हा या मागणीचा दिन म्हणून पाळला गेला, आणि १५ ऑगस्टला देश स्वतंत्र होत असताना स्वामीजी निझामाच्या कैदेत होते.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निझाम यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. त्यानंतर स्वामीजींची सुटका झाली. परंतु स्टेट काँग्रेसला हा करार रुचला नाही. वाटाघाटी दोन सरकारांच्या, आणि ज्यांच्या भवितव्याविषयी त्या चालल्या ती दीड कोटीहून अधिक प्रजा कोठेच नाही, हे त्यामागचे दुखणे होते. करारानंतर थोड्याच दिवसांत निझाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने सोन्याचांदीची निर्यात बंद झाली, दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात अग्राह्य ठरले. पाकिस्तानला वीस कोटींच्या रोख्यांचे कर्ज दिल्याचेही उघड झाले. पलीकडच्या बाजारात कापूस विकून कलदार घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या वटहुकुमाचा अर्थ सरळ होता: खिशातला पैसा घरी पोहोचेपर्यंत पैसाच राहिला नव्हता.

मग दुसऱ्या बाजूने दोर आवळला गेला. चहूकडून भारताने वेढलेल्या सुमारे ८२ हजार चौरस मैलांच्या या संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता. मीठ, पेट्रोल, औषधे, यंत्रांचे सुटे भाग, सारे भारतातून यायचे. भारत सरकारने नाकेबंदी हा शब्द कधी स्वीकारला नाही. लष्करी उपयोगाच्या वस्तूंवर नियंत्रण आहे, इतकेच त्याचे म्हणणे होते. पण सीमेवरील प्रांतिक अधिकाऱ्यांनी ते नियंत्रण पुष्कळदा अधिक ताणले. औषधे आणि पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीनदेखील अडवले जाते, अशी हैदराबाद सरकारची तक्रार होती. त्याच उन्हाळ्यात सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात शस्त्रे भरून विमाने आणत होता. बंदुकांना आकाशाची वाट होती. मिठाला तशी वाट नव्हती.

अशा वेढ्याचा एक गुण असा की तो सिंहासनापर्यंत सर्वांत उशिरा पोहोचतो. जगातील अतिश्रीमंतांत गणल्या जाणाऱ्या निझामाच्या थाळीत त्याने काही कमी झाले नाही. उलट टंचाईने काळा बाजार वाढला आणि रझाकारांना आयते निमित्त मिळाले. लातूरचा वकील कासीम रझवी वेढ्याकडे बोट दाखवून अनुयायी गोळा करीत होता आणि गावोगावच्या हिंदू प्रजेवर त्याचा सूड उगवला जात होता.

ज्या देशाच्या महिन्यांची नावे आमचे पटवारी लिहीत होते, त्या इराणातही हेच चित्र थोड्याच वर्षांत दिसले. पंतप्रधान मोहम्मद मोसद्दिक यांनी १९५१ साली तेलाचे राष्ट्रीयीकरण केले. ब्रिटनने त्या तेलावर बहिष्कार घातला, तेलवाहू जहाजे अडवली. तिजोरी आटली आणि ऑगस्ट १९५३ मध्ये ब्रिटिश व अमेरिकन हेरखात्यांच्या साह्याने मोसद्दिकांना पदच्युत करण्यात आले. १९७९ नंतर अमेरिकेने त्याच देशावर पुन्हा निर्बंध लादले, २०१८ मध्ये ते अधिक कडक केले, आणि औषधांच्या टंचाईची तीच तक्रार तेथील सामान्य माणसाच्या तोंडी आली. अर्थात दोन्हींत मोठा फरक आहे. इराणवर दडपण आणणारे परके होते. हैदराबादवर दडपण आणणाऱ्या देशातच सामील व्हायची संस्थानातील बहुसंख्य प्रजेची आकांक्षा होती. परंतु ज्याच्या घरात मीठ नाही त्याला हा फरक पुरेसा पडत नाही, आणि येथेच स्वामीजींच्या धोरणाचे महत्त्व कळते.

केवळ बाहेरच्या दडपणावर विसंबून राहणे त्यांना मान्य नव्हते. संस्थान मोकळे व्हायचे तर ते प्रजेच्या स्वतःच्या असहकाराने झाले पाहिजे, ही त्यांच्या लढ्याची दिशा होती. लेव्हीचे धान्य देऊ नये, जंगलचे कायदे मोडावेत, सरकारी उत्पन्नाची शिंदीची झाडे तोडावीत, करोडगिरीचे नाके निकामी करावेत: कोणता आदेश पाळायचा नाही हे प्रजेने स्वतः ठरवायचे होते. जानेवारी १९४८ मध्ये स्वामीजी पुन्हा स्थानबद्ध झाले. बाहेरचे काम दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आदी सहकाऱ्यांनी चालवले. सरहद्दीवर उमरखेडपासून चांद्यापर्यंत शिबिरे उभी राहिली. चांद्याच्या शिबिरात पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. या शिबिरांनी शस्त्रेही वापरली. उमरीच्या बँकेवर छापा पडला. त्या रकमेचा हिशेब चोख ठेवला गेला, तरी गांधीजींना मानणाऱ्या संघटनेच्या इतिहासातील हे पान अवघड आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आदिलाबादच्या डोंगरातील गोंडांपर्यंत ही चळवळ फारशी पोहोचली नाही, हेही नमूद केले पाहिजे. जल, जंगल, जमीन मागणारा त्यांचा कोमराम भीम १९४० मध्येच जोडेघाटला मारला गेला होता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. संस्थानाने ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांकडे नेलेली तक्रार सुरक्षा समितीपुढे १६ तारखेला निघाली, आणि १७ तारखेला निझामाने शस्त्रे खाली ठेवली. स्वामीजी मुक्त झाले. मात्र त्या विजयाची एक काळी बाजू दीर्घकाळ झाकलेली राहिली. पोलीस कारवाईच्या पाठोपाठ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान रहिवाशांची मोठी कत्तल झाली. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांच्या दरम्यान दिला; तो अहवाल लोकांसाठी खुला झाला २०१३ साली. रझाकारांच्या जुलमाचा हिशेब अशा रीतीने पुष्कळ निरपराधांकडून वसूल झाला.

स्वामीजींच्या वाट्याला मुख्यमंत्रिपद आले नाही. १९५२ मध्ये ते रामकृष्णरावांकडे गेले. स्वामीजी त्या वर्षी गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर निवडून आले. जे संस्थान मुक्त करण्यात आयुष्य वेचले, त्याचेच भाषावार त्रिभाजन करावे असा आग्रह त्यांनी धरला. पंडित नेहरूंना ते संस्थान अखंड हवे होते; पण संन्याशाने आपल्या रणभूमीचाही मोह धरला नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी त्रिभाजन झाले. किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादपासून तुटून नांदेड जिल्ह्यात, म्हणजे मुंबई राज्यात गेले. राजुरा पुढे १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. आदिलाबादचा उरलेला मुलूख आंध्र प्रदेशात, आणि २०१४ पासून तेलंगणात. त्यात राहिलेल्या मराठी घरांना पुस्तक हवे तर पुन्हा पैनगंगेकडेच पाहावे लागले. स्वामीजींनी मात्र अखेरपर्यंत हैदराबाद सोडले नाही. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांनी त्याच शहरात देह ठेवला. त्यांचे स्मारक बेगमपेठेत आहे. नांदेडचे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी त्यांच्या नावाने स्थापन झाले. किनवट-माहूरची मुले आता पदवीसाठी तेथेच जातात.